मुंबई ते न्यूयॉर्क : अंतर एक, तास वेगळे

२०२४ च्या जानेवारीत मी आईला मुंबईहून न्यूयॉर्कला घेऊन गेले. भाऊ न्यू जर्सीत एडिसनला राहतो, त्याला मुलगी झाली होती आणि आईला नात मांडीवर घ्यायची होती. आईने सत्तरी ओलांडलेली, दोन्ही गुडघे दुखरे, रक्तदाब आणि साखर या दोन्हींच्या गोळ्या चालू. त्यामुळे घरात तिकिटाच्या दरापेक्षा जास्त चर्चा एकाच गोष्टीची झाली : किती तास? आईला एका जागी बसावं लागणार ते तास, पाय खाली सोडून ठेवावे लागणार ते तास, गोळ्यांच्या वेळा ज्यांत अडकणार ते तास. तिकिटांच्या साइटवर एकाच दिवसाच्या यादीत सोळा तासांपासून तीस तासांपर्यंतचे आकडे दिसत होते. दोन शहरं तीच, मधलं अंतरही तेच. मग हा फरक येतो कुठून, हे बुकिंग करण्याआधी मला समजून घ्यायचं होतं. माझ्या ओळखीत दर दोन-चार घरांआड कोणाचे तरी आईवडील असे निघतात, आणि मुलं त्यांना फक्त तारीख आणि टर्मिनल सांगतात. हे सगळं सविस्तर लिहितेय ते त्यासाठी.

सुरुवात मुलाच्या पृथ्वीगोलापासून केली. तीस सेंटिमीटर व्यासाचा साधा शाळेचा गोल. त्याचा परीघ साधारण चौऱ्याण्णव सेंटिमीटर आणि पृथ्वीचा सुमारे ४०,००० किलोमीटर, म्हणजे गोलावरचा एक सेंटिमीटर सव्वाचारशे किलोमीटरचा. शिवणकामाचा दोरा मुंबईवर धरला, दुसरं टोक न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणला. तो पश्चिमेला गेलाच नाही. कराचीच्या बाजूने वर सरकला, कॅस्पियन समुद्राकडे गेला, रशिया आणि स्कँडिनेव्हिया ओलांडून आइसलंडच्या जवळून ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाकडे उतरला आणि कॅनडामार्गे न्यूयॉर्कला पोहोचला. मोजला तर साडेएकोणतीस सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे साडेबारा हजार किलोमीटर.

मुलाने मग भूगोलाच्या पुस्तकातलं बृहद्वृत्त, म्हणजे गोलाचे बरोबर दोन समान भाग करणारं वर्तुळ, आठवून दिलं. गोलावरच्या दोन ठिकाणांमधला सगळ्यात जवळचा रस्ता बृहद्वृत्तावरून जातो. आम्ही दोघांनी अक्षांश-रेखांश घेऊन हिशेब केला : मुंबई विमानतळ १९.०९ उत्तर आणि ७२.८७ पूर्व, न्यूयॉर्कचा जेएफके ४०.६४ उत्तर आणि ७३.७८ पश्चिम. उत्तर आलं सुमारे १२,५३० किलोमीटर. हा रस्ता जवळजवळ ६५ अंश उत्तरेपर्यंत चढतो. मुंबईहून निघताना दिशा पश्चिमेपेक्षा उत्तरेकडेच जास्त झुकलेली असते.

भिंतीवरच्या नकाशात पट्टी ठेवली तर वेगळंच दिसतं. अरबस्तान, इजिप्त, लिबिया, अल्जीरिया आणि मग अटलांटिक. भिंतीवरचा हा नकाशा मर्केटर नावाच्या नकाशाकाराच्या पद्धतीचा. त्याने १५६९ मध्ये केलेला नकाशा जहाजांना एकच दिशा धरून जाता यावं म्हणून होता, आणि त्यासाठी तो उत्तम आहे. पण त्यावरची ही सरळ रेघ खऱ्या पृथ्वीवर मोजली तर १४,२०० किलोमीटर भरते. म्हणजे जवळपास सतराशे किलोमीटर जास्त, विमानाचे दोन तास. मुलगा दहावीत होता, त्याला हे फार आवडलं. मलाही. शाळेत इतकी वर्षं भूगोल शिकले, पण दोऱ्याने जे दाखवलं ते कोणी दाखवलं नव्हतं.

पुढचा प्रश्न मधल्या थांब्याचा. भावाचा आग्रह होता की लंडनमार्गे या, आईला पाय मोकळे करता येतील. मला वाटत होतं थांबा म्हणजे मोठा वळसा. आकडे मांडले तर तसं नव्हतं. मुंबई ते लंडन सुमारे ७,२०० किलोमीटर, लंडन ते न्यूयॉर्क सुमारे ५,५५०. बेरीज १२,७५०. थेट जाण्यापेक्षा दोन-सव्वादोनशे किलोमीटरच जास्त, म्हणजे हवेत पंधरा मिनिटं. लंडन जवळजवळ वाटेवरच आहे. दुबईमार्गे गेलं तरी बेरीज तेरा हजारांच्या आतच राहते. एअर इंडियाने १४ मे १९६० ला न्यूयॉर्कची सेवा सुरू केली तीही लंडनमार्गेच, बोइंग ७०७ विमानाने, आणि त्याआधी ८ जून १९४८ चं मुंबई-लंडन हे पहिलं उड्डाण कैरो आणि जिनिव्हाला थांबत गेलं होतं. तेव्हाच्या विमानांना थांबल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. आज थांबा ही निवड आहे, आणि त्याची किंमत अंतरात जवळजवळ नसतेच. ती असते विमानतळावरच्या तासांत.

शिवाय थांबा कुठे येतो याने फार फरक पडतो. दुबईला तीन-साडेतीन तासांत पोहोचायचं, मध्यरात्री उतरायचं, पुन्हा सुरक्षा तपासणी, आणि मग चौदा तासांची बैठक आहेच. त्या थांब्याने आईच्या पायांना काहीच मिळत नाही. लंडनचा थांबा प्रवासाचे दोन बऱ्यापैकी समान तुकडे करतो, साडेनऊ-दहा तास आणि आठ तास. कोणाला थांबूनच जायचं असेल तर मी हेच सांगेन : वाटेच्या मध्यावरचा थांबा घ्या.

आम्ही मात्र थेट विमान घेतलं. आईला बसण्याचा त्रास होतो, पण त्याहून जास्त त्रास होतो उठून, अनोळखी जागी, घाईघाईने चालण्याचा. ती म्हणाली, "मला एकदा बसवलंस की उतरायलाच सांग. मधे मधे उठबस नको." निर्णय तिथेच झाला.

आता तासांबद्दल. प्रवासी विमान वर गेल्यावर हवेच्या तुलनेत ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास उडतं. १२,५३० ला ९०० ने भागलं तर चौदा तासांना थोडं कमी येतं. मग तिकिटावर जाताना सोळा आणि येताना चौदा का?

याचं मुख्य कारण वारा. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, मध्य अक्षांशांत, पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचे पट्टे वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. जपानमधले वासाबुरो ओईशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून हे वारे मोजले होते. ध्रुवाकडची थंडी आणि विषुववृत्ताकडची उष्णता यांतला फरक हिवाळ्यात वाढतो, म्हणून उत्तर गोलार्धात हे वारे जानेवारीत सगळ्यात जोरदार असतात, कधी ताशी ३०० किलोमीटरच्याही पुढे. ८ फेब्रुवारी २०२० च्या संध्याकाळी न्यूयॉर्कहून निघालेलं एक विमान अशाच वाऱ्यावर ४ तास ५६ मिनिटांत लंडनला उतरलं, एरवी त्याला साडेसहा-सात तास लागतात. हाच वारा पश्चिमेला जाणाऱ्याच्या अंगावर येतो. वाटेत सरासरी ताशी ७० किलोमीटरचा वारा समोरून धरला तर जमिनीवरचा वेग ८३० उरतो, आणि साडेबारा हजार किलोमीटरला पंधरा तास लागतात. येताना तेवढाच वारा पाठीशी असेल तर तेरा.

त्यात वळसा मिळवायचा. दोऱ्याची वाट कोणतंही विमान जशीच्या तशी धरत नाही. युक्रेनचं आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद आहे. अटलांटिकवरचे मार्ग तर रोज वारा बघून नव्याने आखले जातात : पश्चिमेला जाणाऱ्यांना जेट स्ट्रीम टाळून, पूर्वेला येणाऱ्यांना ती धरून. लांबचा रस्ता कधी कधी लवकर पोहोचवतो तो यामुळे. शेवटी, तिकिटावरचे तास गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतचे असतात. मुंबईत दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी व्यवहारात एकच वापरता येते. रात्री एक ते तीनच्या गर्दीत रांगेत उभं राहण्यात जाणारा वेळही त्याच सोळा तासांत धरलेला असतो.

हे सगळं कळल्यावर तयारी कशाची करायची हे स्पष्ट झालं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालात म्हटलंय की चार तासांहून जास्त वेळ न हलता प्रवास केला तर पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. एकूण प्रमाण लहानच, सहा हजारांत एक, पण आईचं वय आणि सूज बघता आमच्या डॉक्टरांनी गुडघ्यापर्यंतचे घट्ट मोजे दिले आणि घोट्यांचे व्यायाम करून घेतले. केबिनमधली हवा साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवरच्या हवेइतकी विरळ असते, म्हणजे कळसूबाईच्या शिखराहूनही वरची, आणि फार कोरडी. आई बाथरूमला जावं लागू नये म्हणून पाणी टाळणाऱ्यांतली. म्हणून जागा कडेची, मधल्या रांगेतली, बाथरूमपासून चार-पाच ओळींवर घेतली. हे एक केल्याने तिने वाटेत व्यवस्थित पाणी प्यायलं.

गोळ्यांसाठी डॉक्टरांनी सांगितलं की विमानात भारतीय वेळच धरा, तिकडे पोहोचल्यावर कशी बदलायची ते मी लिहून देतो. प्रत्येकाचं औषध वेगळं असतं, साखरेच्या औषधांचं तर फारच, तेव्हा हे ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांनाच विचारावं. आईच्या मनगटावर तिचं जुनं घड्याळ भारतीय वेळेवरच ठेवलं. न्यूयॉर्क हिवाळ्यात आपल्यामागे साडेदहा तास असतं. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास पुढे जातात, मग नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत फरक साडेनऊ तासांचा. आईला घड्याळं बदलणाऱ्या देशाचं फार नवल वाटलं. पण मुंबईनेही आपली वेगळी वेळ १९५५ पर्यंत जपली होती, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे, कारण इथला सूर्य, ज्यावरून प्रमाणवेळ धरतात त्या मिर्झापूरच्या रेखावृत्तामागे, खरोखरच तेवढा उशिरा माथ्यावर येतो.

आम्ही मुलुंडहून रात्री साडेनऊला निघालो. पवईमार्गे सहारला पोहोचायला तासभर लागला. व्हीलचेअर बुकिंगच्या वेळीच सांगून ठेवली होती, तिचे पैसे लागत नाहीत, पण रांग असतेच. त्या वेळी सगळ्या लांबच्या उड्डाणांचे आजी-आजोबा एकदम येतात. इमिग्रेशन, तपासणी, आईचं डब्यातलं थालीपीठ, आणि दोनच्या सुमारास विमान हललं.

समोरच्या पडद्यावरचा नकाशा मी जवळजवळ पूर्ण प्रवासभर चालू ठेवला होता. समुद्रावरून वर, पाकिस्तान, इराण, कॅस्पियनची कड, काळा समुद्र, मग युरोपभर. दोऱ्याच्या वाटेपेक्षा बरंच दक्षिणेला. जमिनीवरचा वेग आठशेच्या वरखाली होत होता. अटलांटिकवर तो पावणेआठशेपर्यंत उतरला, आणि उरलेली वेळ मिनिटामिनिटाने कमी होण्याऐवजी एकदा दहा मिनिटांनी वाढली. बाहेर उणे ५६ अंश. दर दोन तासांनी आईला उठवून मागच्या मोकळ्या जागेपर्यंत नेलं, तिथे उभ्या उभ्या टाचा वर-खाली.

अकरा-बारा तास झाले तेव्हा आई म्हणाली, "अगं, उजाडत का नाही? माझ्या घड्याळात दुपारचे दोन वाजलेत."

या प्रश्नाचं उत्तर मला त्या प्रवासात सगळ्यात जास्त आवडलं. पृथ्वी विषुववृत्तावर ताशी सुमारे १,६७० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे फिरते. ६० अंश अक्षवृत्ताचा घेर निम्मा, म्हणून तिथे हा वेगही निम्मा, साधारण ८३५. आम्ही त्या भागात पश्चिमेला जवळजवळ तितक्याच वेगाने चाललो होतो. पृथ्वी आम्हाला उजेडाकडे नेत होती आणि विमान तेवढंच उलट नेत होतं. त्यामुळे पहाट आमच्या मागे राहिली, तास न् तास. मुंबईत संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास मावळलेला सूर्य आम्हाला पुन्हा दिसला तो न्यूयॉर्कला उतरताना, तिथल्या सकाळी सव्वासातनंतर. आपल्या वेळेने तेव्हा पावणेसहा वाजले होते, दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळचे. जवळजवळ साडेतेवीस तासांची रात्र. आईला मी पाण्याचा ग्लास आणि बोट फिरवून हे समजावलं. तिला पटलं. मग म्हणाली, "तरीच भूक लागतेय आणि झोपही येतेय." जेट लॅग म्हणजे काय, ते याहून नेमकं मी कुठे ऐकलेलं नाही.

पुढचं झटपट सांगते. जेएफकेला तिथल्या साडेसातला उतरलो. इमिग्रेशनला वेळ गेला, सामानाला गेला, आणि मग एडिसनपर्यंत साठ-पासष्ट किलोमीटर न्यूयॉर्कच्या सकाळच्या गर्दीतून. नेवार्क विमानतळ एडिसनला निम्म्या अंतरावर आहे, पण आमच्या तारखेला तिथली थेट जागा नव्हती. न्यू जर्सीत जाणाऱ्यांनी हे तिकीट घेतानाच बघावं, कारण मुंबईहून दोन्हींचं अंतर जवळजवळ सारखं आहे, फरक पडतो तो शेवटच्या रस्त्यात. भावाच्या घराची बेल वाजवली तेव्हा तिकडे सकाळचे अकरा वाजले होते, आईच्या घड्याळात रात्रीचे साडेनऊ. तिकिटावर सोळा तास, दारापासून दारापर्यंत बरोबर चोवीस. आईच्या पायांना सूज होती, पण मोजे काढून पाय उशीवर ठेवल्यावर दुसऱ्या दिवशी उतरली. नात मात्र तिने त्याआधीच मांडीवर घेतली होती.

येताना एप्रिल. दुपारी निघालो आणि दिवस भराभर संपला, कारण आता सूर्याच्या समोरून चाललो होतो. आयर्लंडच्या आधीच अंधार झाला. अटलांटिकवर जमिनीवरचा वेग एक हजाराच्या वर होता आणि विमान ठरल्या वेळेआधी मुंबईवर आलं. चौदा तासही लागले नाहीत. पण आईचं शरीर या वेळी जास्त दमलं. जाताना दिवस लांबला होता, येताना कापला गेला, आणि घरी आल्यावर आठवडाभर ती रात्री दोनला जागी होऊन देवघरातला दिवा लावत बसायची. कमी तासांचा प्रवास हलका असेलच असं नाही, हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर तिला परतल्या परतल्या कोणाकडे जेवायला नेलं नसतं.

तेव्हाचे आकडे आज जसेच्या तसे धरू नयेत. २४ एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपलं आकाश बंद केलं. २०१९ मध्येही फेब्रुवारीच्या शेवटापासून जुलैच्या मध्यापर्यंत असंच झालं होतं. दिल्लीच्या उड्डाणांना याचा फटका जास्त, अमेरिकेच्या काही विमानांना युरोपात इंधनासाठी उतरावं लागू लागलं. मुंबईला अरबी समुद्र समोरच असल्याने वळसा त्या मानाने लहान, पण वळसा आहेच. इराणकडचं आकाश मधेच बंद होतं तेव्हा सगळं गणित पुन्हा बदलतं. त्यामुळे तिकीट घेण्याआधी त्याच क्रमांकाचं विमान गेल्या आठवड्यात प्रत्यक्षात किती तासांत पोहोचलं ते बघावं. विमानांचा माग दाखवणाऱ्या साइटवर हे फुकट दिसतं, आणि कंपनीने छापलेल्या वेळेपेक्षा ते जास्त खरं असतं.

आमच्या शेजारच्या काकू आता मुलाकडे निघाल्या आहेत, त्याही न्यू जर्सीलाच. त्यांना मी तीन पर्याय कागदावर मांडून दिले : प्रत्येकाचे हवेतले तास, थांब्याचे तास, आणि मुलुंडच्या दारापासून मुलाच्या दारापर्यंतचे तास. काकूंना चालायला त्रास नाही, पण सलग बसवत नाही. म्हणून त्यांनी लंडनचा चार तासांचा थांबा घेतला आणि उतरायला नेवार्क. तारीख मार्चअखेरची आहे, म्हणजे तिकडचं घड्याळ साडेनऊ तास मागे असेल. गोळ्यांचा तक्ता त्या हिशेबाने डॉक्टरांकडून लिहून आणायचा तेवढा बाकी आहे.